घरगुती विदासाठवण प्रणाली

घरगुती विदासाठवण प्रणाली म्हणजे छायाचित्रे, चलचित्रे, ध्वनिमुद्रणे, दस्तऐवज आणि संगणकांच्या राखीव प्रती असा कुटुंबाचा अंकीय विदा एकत्र ठेवण्यासाठी घरात उभारलेली, एकाहून अधिक डिस्क असलेली व्यवस्था होय. ती सहसा घरातील नेटवर्कला जोडलेली असते आणि घरातील संगणक, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संच तिच्यावरील संचिका वापरू शकतात. अशा नेटवर्क-संलग्न साठवणीला 'नॅस' या लघुनामाने ओळखले जाते.

अशा प्रणालीकडून दोन मुख्य अपेक्षा असतात. एखादी डिस्क निकामी झाली तरी विदा शाबूत राहावा, ही पहिली अपेक्षा. तिला *अतिरिक्तता* म्हणतात. गरज वाढेल तशी क्षमता वाढवता यावी, ही दुसरी. तिला *विस्तारक्षमता* म्हणतात. या दोन अपेक्षा अनेकदा परस्परांच्या आड येतात. विदा अनेक डिस्कवर जितका घट्ट गुंफला जातो, तितकी ती रचना नंतर बदलणे अवघड होते. त्यामुळे प्रणालीची निवड करताना आजच्या क्षमतेबरोबरच काही वर्षांनंतरच्या विस्ताराचा मार्गही विचारात घ्यावा लागतो.

## पार्श्वभूमी

एका मोठ्या व महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान व स्वस्त डिस्क एकत्र वापरण्याच्या कल्पनेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या संशोधकांनी व्यवस्थित रूप दिले. त्यांचा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या रचनेला 'रेड' हे नाव दिले आणि तिचे एक ते पाच असे स्तर सांगितले. डिस्कची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून स्वस्त डिस्कचा समूह वापरायचा तर जादा माहिती साठवून बिघाडाची भरपाई करणे आवश्यक आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. डिस्कच्या जोड्या करून दोन्हींवर एकच विदा लिहिण्याची पद्धत त्यापूर्वीही वापरात होती. नावातील 'आय' हे अक्षर मूळ निबंधात 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाचे होते. पुढे त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा रूढ झाला.

सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीत जेफ बॉनविक व मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएस या फाइल प्रणालीचे काम सुरू केले. तिची संगणकसंहिता २००५ मध्ये खुली झाली. डिस्कचा समूह सांभाळणे आणि संचिकांची मांडणी ठेवणे ही दोन कामे तिने एकाच स्तरात आणली. याच २००५ साली फ्रीनॅस हा मुक्त प्रकल्प सुरू झाला, ज्यातून आजची ट्रूनॅस ही प्रणाली विकसित झाली. सिनॉलॉजी व क्यूनॅप या तैवानी कंपन्यांच्या तयार यंत्रांमुळे ही सोय तांत्रिक ज्ञान नसलेल्या घरांपर्यंत पोहोचली.

## अतिरिक्ततेचे तत्त्व

अतिरिक्तता मिळवण्याचे दोन मूलभूत मार्ग आहेत: प्रतिबिंबन आणि समता.

प्रतिबिंबन (मिररिंग) या पद्धतीत एकच विदा दोन किंवा अधिक डिस्कवर जसाच्या तसा लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी दुसरी पूर्ण असते. ही पद्धत समजण्यास व दुरुस्तीस सर्वांत सोपी आहे. मात्र दोन डिस्कच्या जोडीत एकूण क्षमतेपैकी निम्मीच वापरता येते.

समता (पॅरिटी) या पद्धतीत अनेक डिस्कवरील विद्यावर गणिती क्रिया करून मिळालेली तपासणी-माहिती साठवली जाते. ही क्रिया 'एक्सॉर' म्हणून ओळखली जाते. तिच्यात एकाच स्थानावरील बिटांमध्ये १ हा अंक विषम वेळा आला तर उत्तर १ आणि सम वेळा आला तर ० येते. उदाहरणार्थ, तीन डिस्कवर पुढील विदा आहे असे मानू:

- पहिली डिस्क: १०११
- दुसरी डिस्क: ०११०
- तिसरी डिस्क: ११००
- समता: ०००१

दुसरी डिस्क निकामी झाली, तर उरलेल्या १०११, ११०० आणि ०००१ यांवर तीच क्रिया केल्यास ०११० हे उत्तर मिळते. हाच हरवलेला विदा होय. अशा रीतीने एका डिस्कइतक्या जादा जागेत कितीही डिस्कच्या समूहातील एका डिस्कच्या बिघाडाची भरपाई होते. दोन डिस्क एकाच वेळी गेल्यास मात्र एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या काढता येत नाहीत. त्यासाठी दुसरे, वेगळ्या प्रकारचे समीकरण लागते आणि त्याची उत्तरे साठवण्यासाठी आणखी एका डिस्कइतकी जागा खर्ची पडते.

## प्रचलित रचना

पुढील तक्त्यात प्रत्येकी ८ टेराबाइटच्या चार डिस्क वापरल्यास काय मिळते ते दिले आहे.

| रचना | वापरण्याजोगी क्षमता | सहन होणारा बिघाड |
|---|---|---|
| रेड ० | ३२ टेराबाइट | एकही नाही |
| रेड ५ | २४ टेराबाइट | कोणतीही एक डिस्क |
| रेड ६ | १६ टेराबाइट | कोणत्याही दोन डिस्क |
| रेड १० | १६ टेराबाइट | प्रत्येक जोडीतील एक डिस्क |

रेड ० मध्ये विदा केवळ वेगासाठी तुकड्यांत वाटला जातो. त्यात अतिरिक्तता मुळीच नसते आणि एक डिस्क गेली की संपूर्ण समूह निकामी होतो. घरगुती वापरात या वेगाचा लाभही क्वचितच मिळतो. प्रतिसेकंद १ गिगाबिट वेगाच्या नेटवर्कमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट विदा जाऊ शकतो. सलग वाचन करताना आजची एकच हार्ड डिस्क सहसा याहून अधिक वेग देते.

रेड ६ आणि रेड १० यांची क्षमता चार डिस्कच्या बाबतीत सारखीच दिसते. पण सुरक्षिततेचे स्वरूप निराळे आहे. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. रेड १० मध्ये एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्यास विदा नष्ट होतो, परंतु बदललेली डिस्क पुन्हा भरण्यासाठी फक्त तिच्या जोडीदाराचे वाचन पुरेसे असते.

## पुनर्बांधणी व तिचे धोके

निकामी डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवून तिच्यावर हरवलेला विदा पुन्हा तयार करणे याला पुनर्बांधणी म्हणतात. समूहाची खरी कसोटी याच काळात लागते. सरासरी २०० मेगाबाइट प्रतिसेकंद या वेगाने ८ टेराबाइटची डिस्क पूर्ण भरण्यास सुमारे ११ तास, तर २० टेराबाइटच्या डिस्कला सुमारे २८ तास लागतात. त्याच वेळी प्रणालीचा इतर वापर चालू असल्यास हा अवधी वाढतो. या काळात रेड ५ मधील समूहाजवळ कोणतेही संरक्षण शिल्लक नसते. एकाच वेळी विकत घेतलेल्या, एकाच उत्पादन-गटातील आणि सारख्याच झिजलेल्या डिस्क असतील तर दुसरी डिस्कही त्याच सुमारास जाण्याची शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नसते.

दुसरा धोका न वाचता येणाऱ्या बिटांचा आहे. अनेक घरगुती डिस्कच्या तांत्रिक पत्रकात १०० लाख कोटी (१०चा १४वा घात) बिट वाचताना अशी जास्तीत जास्त एक चूक संभवते, असे नमूद केलेले असते. हे प्रमाण १२.५ टेराबाइट वाचनाइतके होते. वरील उदाहरणातील रेड ५ च्या पुनर्बांधणीत मात्र २४ टेराबाइट विदा वाचावा लागतो. पत्रकातील आकडा ही कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात डिस्क बहुधा त्याहून चांगल्या चालतात. तरीही मोठ्या क्षमतेच्या डिस्कसाठी दुहेरी समतेची शिफारस का केली जाते, ते या हिशेबावरून समजते.

डिस्क निकामी होण्यापूर्वी सूचना मिळेलच असे नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्वपरीक्षण यंत्रणेच्या चार महत्त्वाच्या निर्देशकांपैकी एकानेही इशारा दिलेला नव्हता, असे त्यात आढळले. इशारा आल्यास तो गांभीर्याने घ्यावा. न आल्यास डिस्क सुदृढ आहे असे समजू नये, असा त्याचा अर्थ होतो.

## विद्याची सचोटी

डिस्क चालू असूनही तिच्यावरील काही बिट नकळत बदलू शकतात. साध्या रेडमध्ये प्रतिबिंबाच्या दोन प्रती भिन्न आढळल्या, तर त्यांपैकी खरी कोणती हे ठरवण्याचे साधन नसते. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल प्रणाली प्रत्येक खंडाबरोबर त्याची गणिती खूण (चेकसम) साठवतात. वाचताना ही खूण जुळली नाही तर तो खंड चुकीचा ठरतो आणि दुसऱ्या प्रतीवरून किंवा समतेवरून तो दुरुस्त केला जातो. संपूर्ण साठ्याची अशी ठरावीक कालाने केलेली तपासणी 'स्क्रब' म्हणून ओळखली जाते. ती महिन्यातून एकदा करण्याची प्रथा आहे. क्वचित उघडली जाणारी जुनी छायाचित्रे खराब होत असल्यास ते वेळीच कळण्याचा हा मुख्य उपाय आहे. बीटीआरएफएसमधील एक्सॉर-आधारित रचना (रेड ५ व ६) अद्याप महत्त्वाच्या विद्यासाठी योग्य मानल्या जात नाहीत. तिच्यातील प्रतिबिंबन मात्र सर्रास वापरले जाते.

लिहिण्याचे काम अर्धवट असताना वीज गेल्यास विदा नवा आणि समता जुनी, अशी विसंगती निर्माण होऊ शकते. झेडएफएस जुन्या खंडावर न लिहिता नव्या जागी लिहिते आणि मग नोंद बदलते, त्यामुळे हा दोष टळतो. इतर प्रणालींमध्ये आणि एकूणच वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागांत बॅटरीवर चालणारा यूपीएस जोडणे इष्ट ठरते. यूपीएसची यूएसबी वायर यंत्राला जोडल्यास बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र आपोआप शिस्तीने बंद होऊ शकते.

## विस्ताराचे मार्ग

क्षमता वाढवण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

- मोठ्या डिस्क बसवणे: समूहातील डिस्क एकामागून एक बदलून प्रत्येक वेळी पुनर्बांधणी केली जाते. पारंपरिक रेडमध्ये सर्व डिस्क बदलून झाल्यावरच वाढीव जागा उपलब्ध होते.
- समूहात डिस्क वाढवणे: लिनक्समधील 'एमडी' ही यंत्रणा अस्तित्वात असलेल्या रेड ५ किंवा ६ मध्ये नवी डिस्क सामावून घेऊ शकते. झेडएफएसमध्ये ही सोय दीर्घकाळ नव्हती. ओपनझेडएफएसच्या २०२५ मधील २.३ या आवृत्तीत ती आली.
- नवा समूह जोडणे: झेडएफएसच्या साठ्यात, उदाहरणार्थ, दोन डिस्कची नवी जोडी जोडता येते. हा मार्ग सोपा व जलद आहे. मात्र साठ्यातील कोणताही एक समूह पूर्ण निकामी झाला तर सगळा साठा जातो, म्हणून प्रत्येक समूहाला स्वतःची अतिरिक्तता असावी लागते.
- असमान डिस्कचा वापर: सिनॉलॉजीची 'एसएचआर' ही रचना, तसेच अनरेड व स्नॅपरेड या प्रणाली वेगवेगळ्या क्षमतेच्या डिस्क सामावून घेतात.

शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व उदाहरणाने स्पष्ट होते. घरात ४, ४, ८ व ८ टेराबाइटच्या चार डिस्क असल्यास साधे रेड ५ प्रत्येकीचे फक्त ४ टेराबाइट वापरते आणि १२ टेराबाइट जागा मिळते. अनरेडमध्ये सर्वांत मोठ्या डिस्कपैकी एक समतेसाठी राखून उरलेल्या तीन डिस्कची १६ टेराबाइट जागा वापरता येते. एसएचआर चारही डिस्कच्या पहिल्या ४ टेराबाइटवर समता आणि दोन मोठ्या डिस्कच्या उरलेल्या भागावर प्रतिबिंबन योजून तितकीच जागा देते.

अनरेड व स्नॅपरेड यांत प्रत्येक संचिका अखंडपणे एकाच डिस्कवर असते. सहनशक्तीपलीकडे डिस्क गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरील संचिका वाचता येतात. स्नॅपरेडची समता मात्र तत्काळ अद्ययावत होत नाही. आज्ञा दिल्यावरच ती होते. म्हणून ती चित्रपट किंवा ध्वनिमुद्रणे अशा क्वचित बदलणाऱ्या साठ्यास योग्य, तर रोज बदलणाऱ्या दस्तऐवजांस अयोग्य आहे.

## निवडीचे निकष

गरजेचा अंदाज: समजा कुटुंबाजवळ आज ३ टेराबाइट विदा आहे व त्यात दरवर्षी ०.६ टेराबाइटची भर पडते. पाच वर्षांनी तो ६ टेराबाइट होईल. साठ्यात २० टक्के जागा मोकळी ठेवायची तर ७.५ टेराबाइट लागतील. म्हणजे ८ टेराबाइटच्या दोन डिस्कचे प्रतिबिंब या कुटुंबास पुरेसे आहे. चार डिस्कची जागा असलेल्या यंत्रात आरंभी दोनच डिस्क बसवल्या, तर पुढे दुसरी जोडी जोडता येते. लहान साठ्यासाठी समतेची गुंतागुंत बहुधा अनावश्यक असते.

क्षमतेचे मोजमाप: उत्पादक एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट मानतात, तर काही संगणक प्रणाली १०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे ८ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ७.२८ इतकी दिसते. हा बिघाड नव्हे.

डिस्कचा प्रकार: काही डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. या 'एसएमआर' तंत्राने क्षमता वाढते, पण पुनर्लेखन अतिशय मंदावते आणि पुनर्बांधणी रेंगाळते. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही हे तंत्र असल्याचे २०२० मध्ये उघड झाल्यावर बराच वाद झाला. डिस्क समूहासाठी 'सीएमआर' प्रकार निवडावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

दुरुस्तीची शक्यता: यंत्र बिघडल्यास त्यातील डिस्क दुसरीकडे वाचता येतील का, हा प्रश्न आरंभीच विचारणे आवश्यक असते. ड्रोबो या कंपनीची यंत्रे असमान डिस्क सहजपणे सामावून घेण्यासाठी प्रसिद्ध होती. परंतु त्यांची रचना कंपनीची खासगी होती. कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला व पुढे ती बंद पडली. त्यानंतर वापरकर्त्यांना सुटे भाग व साहाय्य मिळणे दुरापास्त झाले. लिनक्सची एमडी किंवा झेडएफएस यांसारख्या खुल्या रचनेतील डिस्क दुसऱ्या साध्या संगणकाला जोडून वाचता येतात.

चालू खर्च: सरासरी ४० वॅट वीज घेणारे यंत्र वर्षभर अखंड चालू राहिल्यास सुमारे ३५० युनिट वीज लागते. कमी संख्येच्या मोठ्या डिस्क वापरल्यास वीज, आवाज व उष्णता तिन्ही कमी होतात. मात्र प्रत्येक पुनर्बांधणीचा अवधी वाढतो.

## अतिरिक्तता आणि राखीव प्रत

अतिरिक्तता म्हणजे राखीव प्रत (बॅकअप) नव्हे. चुकून पुसलेली संचिका प्रतिबिंबातील दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. चोरी, आग, पूर, विजेचा तडाखा किंवा खंडणीखोर आज्ञावली यांच्यापुढे एकाच पेटीतील सर्व डिस्क सारख्याच असुरक्षित असतात. २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या आज्ञावलीने इंटरनेटवर थेट उघड्या ठेवलेल्या अनेक घरगुती नॅस यंत्रांतील संचिका कुलूपबंद केल्या. त्यांतील अतिरिक्त डिस्कचा अशा वेळी काही उपयोग नव्हता. ठरावीक वेळी साठ्याची गोठवलेली अवस्था (स्नॅपशॉट) जतन करण्याची सोय चुकून पुसलेल्या संचिकांसाठी उपयोगी पडते, पण तीही त्याच डिस्कवर असते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' हा नियम यासाठी सांगितला जातो: विद्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत अन्य ठिकाणी असावी. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी झालेल्या अतिवृष्टीसारख्या किंवा सांगली-कोल्हापूर भागातील २०१९ च्या पुरासारख्या आपत्तीत घर व त्याच गल्लीतील नातेवाइकाचे घर अशा दोन्ही जागा पाण्याखाली जाऊ शकतात. म्हणून 'अन्य ठिकाण' पुरेसे दूर असणे अपेक्षित आहे. क्लाउड सेवा किंवा दुसऱ्या गावातील आप्तांकडे ठेवलेली कूटबद्ध डिस्क हे त्याचे रूढ पर्याय आहेत. कूटबद्ध प्रतीची किल्ली फक्त घरातील यंत्रावर ठेवल्यास यंत्राबरोबर प्रतही निरुपयोगी होते.

प्रत घेतली जाते एवढे पुरेसे नसून ती परत मिळवता येते का, हेही तपासावे लागते. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या निर्मितीदरम्यान पिक्सार स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेमुळे बहुतेक संचिका पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही काही काळापासून नीट घेतल्या जात नव्हत्या असे उघडकीस आले. तंत्र-दिग्दर्शिका गॅलिन सस्मन यांनी बाळंतपणानंतर घरून काम करण्यासाठी नेलेल्या संगणकावरील प्रतीमुळे चित्रपट वाचला. वर्षातून किमान एकदा काही संचिका राखीव प्रतीवरून प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहणे, हा अशा प्रसंगातून निघणारा साधा नियम आहे.

मर्यादित खर्चात निवड करावयाची झाल्यास चार डिस्कचा समूह आणि शून्य राखीव प्रती यांपेक्षा दोन डिस्कचे प्रतिबिंब व घराबाहेरील एक प्रत ही रचना अधिक सुरक्षित ठरते. अतिरिक्ततेमुळे डिस्क बिघडल्यावरही काम अखंड चालू राहते. विदा कायमचा टिकण्याची हमी मात्र वेगळ्या ठिकाणी असलेल्या, तपासून पाहिलेल्या प्रतीमुळेच मिळते.

## हे सुद्धा पहा

- हार्ड डिस्क
- फाइल प्रणाली
- संगणक नेटवर्क
- कूटलेखन